दिल्लीचा पैसा आणि बाजाराकडचं दार

मी चौथी पास आहे. तेवढ्या शिक्षणावर मला नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. शिकवायची नाही, पोरी आणायची. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून सांगायला आलेल्या बाईंना हे कळेना. मी शाळेत शिपाईण होते असंच त्या धरून चालल्या. शिपाईण घंटा वाजवते, पाणी भरते. मी सकाळी घरोघर जाऊन पोरी गोळा करायची, शाळेत नेऊन सोडायची आणि संध्याकाळी ज्याची त्याला परत द्यायची. पोरी एकट्या रस्त्यानं जात नसत. आणणारी बाई नसती, तर शाळेत मास्तरणी आणि बाकंच राहिली असती.

गावाचं नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. त्या वेळच्या मेंबरांचे नातू आजही मतं मागायला येतात आणि आमच्या गल्लीचा नळ त्यांच्याच हातात आहे.

छप्पन सालच्या दसऱ्याला आम्ही नवराबायको नागपूरला गेलो आणि बौद्ध होऊन परत आलो. गावचं जुनं काम सोडलं. नवरा जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, हमाली करू लागला. वर्षभरानं मला ही नोकरी लागली. चौथी पास बाई दुसरी कोणी अर्ज करायला आली नाही, म्हणून लागली. कमेटीनं माझ्यावर उपकार केले असं कोणी म्हणू नये. नगरपालिकेला तेव्हा आम्ही कमेटीच म्हणत होतो.

कामाची रीत अशी होती. नऊ वाजता शिंपीपुऱ्यातून सुरुवात, मग कोष्टीपुरा, शेवटी तहसीलजवळची बाबू लोकांची घरं. रस्त्यावर उभं राहून हाक मारायची, पण पोरीचं नाव घ्यायचं नाही. भर रस्त्यात पोरीच्या नावानं ओरडलेलं लोकांना चालत नसे. बापाचं नाव घ्यायचं. "गणपतची, चाल!" "बडेबाबूची, चाल वो!" काही घरी मला ओट्यावर चढू देत नसत. आम्ही बौद्ध झालो होतो, पण त्यांच्या ओट्याला ते अजून कळलं नव्हतं. मला चढायची गरजही नव्हती. माझा आवाज दोन गल्ल्या जायचा.

रस्त्यात बैलगाड्या, सायकली, मोकाट सांड. बावीस पोरी दोन हातांत धरता येत नाहीत. मी विहिरीचा जुना दोर घेतला आणि त्याला हात-हात अंतरावर बावीस गाठी मारल्या. एका पोरीला एक गाठ. लहान्या पुढे माझ्याजवळ, मोठ्या मागे. बाजारातून आम्ही निघालो की दुकानदार हसायचे. "भागाबाईची आगगाडी आली" म्हणायचे. हसू दे. एकही पोर कधी गाडीखाली आली नाही.

गाठींचा एक नियम पोरींनीच केला होता. एखादीनं शाळा सोडली तर ते वर्ष संपेपर्यंत तिची गाठ दुसरी कोणी धरायची नाही. मी काही सांगितलं नव्हतं. मीही त्या गाठी सोडल्या नाहीत. ओला होऊन वाळलेला दोर, त्याची गाठ सुटते कुठे?

आता दुपारचं सांगते. शाळेत संडास नव्हता. गावातच चारदोन घरी होता, शाळेत कुठून असणार? मधल्या सुट्टीत मी पोरींना जिनामागच्या नाल्यावर न्यायची. तिथं बाभळी होत्या, आडोसा होता. पावसाळ्यात ठीक चालायचं. पण दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या यायच्या. जिनाच्या आवारात मावायच्या नाहीत, मग नाल्यापर्यंत रांग लागायची. गाडीवाले तिथंच बैल सोडायचे, चूल मांडायचे, दोन-दोन दिवस मुक्काम करायचे. चार महिने नाल्यावर माणसंच माणसं. लहान्या पोरींचं भागून जाई. सहावी-सातवीच्या पोरी सकाळपासून पाणी पीत नसत. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मग घरी बसत. दरवर्षी दिवाळीनंतर माझ्या दोरीचं मागचं टोक मोकळं व्हायचं.

कमेटीच्या कागदावर त्याचं कारण लिहिलेलं असे, मुली कापूस वेचायला जातात. मेंबर दरवर्षी ते वाचायचे आणि मान हलवायचे.

महाराष्ट्र झाला, त्याच्या आगेमागे दिल्लीहून कागद आला. मुलींच्या शाळेसाठी पैसा मिळणार होता. त्यातून मास्तरणीला राहायला खोल्या बांधा किंवा मुलींसाठी संडास बांधा, दोन्हीला पुरणार नाही. शिवाय पोरी आणणाऱ्या बाईचा पगारही त्यातूनच द्या. मार्चच्या आत कामाला लागला नाही तर पैसा परत. म्हणजे माझी नोकरीही परत.

आमचे अध्यक्ष वकील होते. काळा कोट, सोन्याच्या काडीचा चष्मा. माणूस वाईट नव्हता. त्यांना खोल्या हव्या होत्या. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे हेडमास्तरीण, वर्ध्याकडच्या. एकट्या बाईला गावात कोणी घर देईना. एका तेलाच्या दुकानामागच्या खोलीत राहायच्या. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि अध्यक्षांचंही खरं होतं.

अर्धे मेंबर दुसऱ्या गटाचे. त्यांचा पुढारी कापसाचा अडत्या, गाव त्याला शेठजी म्हणे. अध्यक्षानं हो म्हटलं की शेठजीनं नाही म्हणायचं, ही त्या सभागृहाची घडी होती. अध्यक्ष खोल्या म्हणाले, म्हणून शेठजी संडासाच्या बाजूला गेला. त्याच्या स्वतःच्या घरी संडास नव्हता. दोन सभा झाल्या, तिसरी झाली. दोन्हीकडची मतं सारखी पडत. दिवाळी गेली, संक्रांत गेली. पैसा यवतमाळच्या खजिन्यात पडून होता.

त्या साली दोरीच्या शेवटच्या पाच गाठी मोकळ्या झाल्या. सर्वांत शेवटची कमलची. गणपत शिंप्याची पोरगी, सातवीत. हिशेबात वर्गात पहिली. बापाचं दुकान शाळेच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे. ती दुकानात बसून काजं करू लागली. मी हाक मारत राहिले. एक दिवस गणपत मशीन थांबवून म्हणाला, "कायले रोज गळा फाडते वो भागाबाई? नाल्यावर पाठवत नाही मी पोरगी. पुसदकडचं एक ठिकाण आलं आहे. शिमग्यानंतर बोलणी करतो."

"सातवी तं होऊ दे. परीक्षा चैतात आहे."

"शाळेत जागा कर तिच्यासाठी. मग धाडतो."

जागा मी कशी करणार? पण मी "करते" म्हणून आले.

चौथ्या सभेला अध्यक्षांनी मोठ्या बाईंना बोलावलं आणि पोरींची हजेरी सांगायला मलाही बोलावलं. बाईंना खुर्ची मिळाली, मला दार मिळालं. बडेबाबू, म्हणजे कमेटीचे मोठे कारकून, टिपणं घ्यायला बसले होते.

अध्यक्ष म्हणाले, "भागाबाई, मुली किती येतात? नीट सांगा."

मी दोर खांद्यावर घेऊनच गेले होते. आत गेले आणि मेजावर टाकला.

शेठजी हसला. "अवो, हे काय आणलं? बैल पळाला काय तुहा?"

"बावीस गाठी आहेत, मोजून घ्या. सतरा पोरी येतात. या मागच्या पाच गाठी मोकळ्या आहेत."

"कापूस वेचायला जातात," अध्यक्ष म्हणाले. "ते आमच्या अहवालात आहेच."

"साहेब, ही शेवटची गाठ गणपत शिंप्याच्या पोरीची. त्याच्यापाशी वावर नाही, मशीन आहे. या दोन कोष्ट्यांच्या. त्यांच्याकडे माग आहे. ही पोस्टमनची." मी पाचवी गाठ धरली. "आणि ही बडेबाबूची सुमन. बडेबाबू, तुमच्या गच्चीवर कापूस पिकून राह्यला काय?"

मेंबर हसले. बडेबाबू दौतीत बघत राहिले.

"तुमची पोट्टी काहून येत नाही, तुम्हीच सांगा."

ते म्हणाले, "घरी... तिच्या आईला मदत..."

"तुमच्या घरी मोलकरीण आहे. ती माह्याच गल्लीत राहते. साहेब, पोरी येत नाहीत कारण त्यांना संडासले जायले जागा नाही. नाल्यावर चार महिने गाडीवाले असतात. सकाळपासून पाणी पीत नाहीत पोट्ट्या. एक तं चक्कर येऊन पडली होती, विचारा मोठ्या बाईले."

एवढी मोठी माणसं, चार सभा भांडली, पण तो शब्द सरळ कोणी उच्चारला नव्हता. "ती सोय", "ते बांधकाम" असंच चाललं होतं. आता सगळे छताकडे बघू लागले. अध्यक्ष मोठ्या बाईंकडे वळले. त्यांना वाटलं त्या खोल्यांचं बोलतील.

बाई म्हणाल्या, "पडली होती. दोनदा."

तेवढंच बोलल्या. मत घेतलं. अध्यक्षांच्या बाजूचा एक मेंबर फुटला. त्यालाही सहावीतली पोरगी होती. संडासाचा ठराव पास झाला. शेठजीनं टेबलावर थाप मारली, जशी काही त्याच्याच पोरी नाल्यावर जात होत्या.

बाहेर व्हरांड्यात मोठ्या बाई म्हणाल्या, "भागाबाई, माझ्या खोल्या गेल्या."

"हो बाई, गेल्या."

दुसरं काय बोलणार? त्या पुढे माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. दोन वर्षांनी अमरावतीला नोकरी बघून निघून गेल्या. तशी शिकवणारी बाई आमच्या शाळेला पुन्हा मिळाली नाही. ती रुखरुख मला आहे. पण ती सभा पुन्हा झाली तर मी पुन्हा तेच सांगेन.

बांधकाम सुरू झालं. एक दिवस बडेबाबू म्हणाले, "संडासाची साफसफाई तुझ्याकडेच राहील हं भागा."

मी म्हटलं, "माह्या कागदावर पोरी आणणे असं लिहिलं आहे. मला वाचता येते, बडेबाबू."

"अगं, पण तुम्ही लोक तर..."

"आम्ही लोक काय? बोला ना."

काम कमेटीच्या झाडूवालीकडे गेलं. कौसल्या तिचं नाव. तेव्हाचे संडास डब्याचे. रोज सकाळी मागच्या बाजूनं डबा काढायचा आणि डोक्यावरून न्यायचा. मी माझ्या डोक्यावरचं टाळलं, ते तिच्या डोक्यावर गेलं. तेव्हा मला त्याचा आनंद झाला होता. आज त्या आनंदाची लाज वाटते. डबे जाऊन खड्डे यायला पुढे बरीच वर्षं लागली.

मार्चच्या मध्यावर काम पुरं झालं. चार संडास, एक मोरी, वर पत्रे. आणि दार बाजाराकडे!

शेठजीनं उभं राहून तसं करवून घेतलं होतं. मी नसताना, मिस्त्रीला सांगून. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे की मेंबरांनी काय बांधलं. दाराशेजारी भिंतीवर संगमरवराची पाटी, तिच्यावर शेठजीचं आणि बाकी मेंबरांची नावं. अध्यक्षांचं नाव मुद्दाम गाळलेलं. उद्घाटनाला फीत कापली, पेढे वाटले. शेठजी आत जाऊन बाहेर आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कमलला हाताला धरून आणलं होतं. तिनं ते दार बघितलं, समोरचा बाजार बघितला आणि सरळ रस्ता ओलांडून बापाच्या दुकानात गेली.

एकही पोर आत गेली नाही. आठ दिवसांत शिपायानं तिथं तुटकी बाकं ठेवली. दहाव्या दिवशी कोणाची तरी शेळी बांधलेली दिसली.

मी गणपतकडे गेले. तो पाय मारतच होता. "इकडे ये वो. इथं उभी राह्य, मशीनपाशी. काय दिसते?"

"दार."

"दारच. मी बसल्या जागी सांगू शकतो कोण गेली अन् किती वेळानं आली. मलेच दिसते तं गावाले दिसणार नाही? रामनवमीले पाहुणे येऊन राह्यले. झालं तुहं समाधान?"

परीक्षेला महिना राहिला होता. मोठ्या बाई माझ्यावर रागावलेल्या असल्या तरी त्यांनी कमलचं नाव पटावरून काढलं नव्हतं. एवढा त्यांचा मोठेपणा.

मी अध्यक्षांकडे गेले. ते खूश होते. "मी म्हणत नव्हतो? खोल्या बांधल्या असत्या तर उपयोग तरी झाला असता. आता पैसे नाहीत."

दार फिरवायचं तर भिंत फोडावी लागणार, त्याला ठराव लागणार, ठरावाला सभा लागणार आणि सभेत ही दोघं. तेवढ्यात कमल पुसदला गेली असती.

रस्त्यानं परत येताना मी ती पाटी नीट बघितली. दार उघडं टाकलं की फळी बाहेर यायची आणि अर्धी पाटी झाकायची. मी तशीच शेठजीच्या अडतीवर गेले. तो गादीवर लोळला होता.

"शेठजी, तुमचं नाव दिसत नाही."

तो उठून बसला. "कुठं दिसत नाही?"

"संडासावर. दार उघडलं की झाकून जाते. लोक विचारतात, हे कोणं बांधलं? मी सांगते तुम्ही बांधलं. पण मी कोणाकोणाले सांगू?"

"मग काय करावं म्हणते?"

"दाराच्या पुढं, चार हात सोडून, एक भिंत उभी करा. आडवी. पाटी तिच्यावर लावा. मग बाजारातून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर तुमचंच नाव."

त्यानं कमेटीला विचारलंही नाही. स्वतःच्या गोदामाच्या विटा आणि स्वतःचा मिस्त्री लावला. दोन दिवसांत भिंत उभी. पण माझ्या छातीपर्यंतच. पाटी वाचायला सोपी जावी म्हणून. आत जाणाऱ्या पोरीचं डोकं, वेणी, सगळं दिसत होतं. मी शेठजीला "उंच करा" म्हटलं तर तो म्हणाला, "कायले? नाव तं दिसते ना मस्त."

मग मी पुन्हा अध्यक्षांकडे. ते कोर्टात निघाले होते.

"साहेब, शाळेसमोर मेंबरांच्या नावाची भिंत झाली. तुम्ही बघितली?"

"ऐकलं."

"त्यावर तुमचं नाव नाही. मला कळत नाही, मी चौथी पास. पण गावचा अध्यक्ष कोण, हे त्या भिंतीवरून पोरींना कसं समजणार?"

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "नियमाप्रमाणे अध्यक्षांचं नाव सर्वांत वर असायला हवं."

"वर म्हणजे भिंत वाढवावी लागेल."

"वाढवू."

तिसऱ्या दिवशी शेठजीच्या भिंतीवर अध्यक्षांच्या विटा चढल्या. चांगले दहा थर. त्यावर त्यांची पाटी, मेंबरांच्या पाटीहून मोठी. शेठजीनं ते बघितलं आणि ओरडा केला, पण भिंत त्याच्या स्वतःच्या पाटीला धरून उभी होती, पाडणार कशी? भिंत आता उंच माणसाच्या डोक्यावरून एक वीत वर गेली होती. मला तेवढीच पाहिजे होती.

मी बाकं बाहेर काढली, शेळी सोडून दिली आणि गणपतकडे गेले.

"बस मशीनवर."

"बसलोच आहो."

"आता काय दिसते?"

त्यानं चष्मा वर केला, रस्त्यापलीकडे बघितलं. "अध्यक्षाचं नाव."

"दार दिसते?"

"नाही."

"मग धाड पोरीले."

त्यानं हातातली पँट उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग आत तोंड करून म्हणाला, "कमल, दप्तर कुठं ठेवलं वो तुहं?"

पुसदचे पाहुणे आले, जेवले, बोलणी परीक्षेनंतर करू म्हणून गेले. कमल परीक्षेला बसली. पास झाली. पुढे ती मास्तरीण झाली आणि तिनं ढाणकीकडे कितीतरी वर्षं शिकवलं. लग्नही केलं. घाई कोणालाच नव्हती असं तेव्हा कळलं. त्या पुढच्या दिवाळीनंतर दोरीच्या मागच्या गाठी मोकळ्या झाल्या नाहीत. एकदोन जायच्या, पण लग्न ठरून किंवा बापाची बदली होऊन.

मी तिथं आणखी पुष्कळ वर्षं काम केलं. मग पोरी एकेकट्या सायकलवर येऊ लागल्या आणि आणणारी बाई कोणाला लागेना. वाईट वाटलं नाही. माझं काम संपावं, हेच त्या कामाचं काम होतं.

शाळेची नवी इमारत झाली तेव्हा जुने संडास आणि भिंत पाडली. ठेकेदाराच्या माणसांनी दोन्ही पाट्या मलब्यात टाकल्या. अध्यक्ष नव्हते, शेठजी नव्हता, विचारणारं कोणी आलं नाही. मेंबरांच्या पाटीचे तुकडे झाले होते. अध्यक्षांची शाबूत होती. संगमरवर चांगला, जाड. मी एका पोराला दोन रुपये देऊन हातगाडीवर घरी आणली.

मागच्या उन्हाळ्यात कमल भेटायला आली होती. तीही आता निवृत्त झाली आहे. मोरीत हात धुवायला गेली आणि तिथूनच ओरडली, "भागाबाई, हे तर अध्यक्षसाहेब!"

मी म्हटलं, "असू दे. कपडे धुवायला आहेत."

"पण नावाची बाजू वर काहून ठेवली? खाली तरी करायची."

मी दोन्ही बाजूंनी धुऊन बघितलं आहे. खालची बाजू गुळगुळीत आहे, कपडा सरकतो. अक्षरांवर मळ चांगला निघतो.